नादेडचा जर्मन डबा

माझी चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे स्वतःची बाजू घ्यायला मला फारशी जागा उरणार नाही. माझ्या मोठ्या बहिणीने, अक्काने, मला एक जुना डबा दिला होता. तो मी ठोकून घेतला, घासून घेतला, बुडाला भोक पाडून उलटा केला आणि जेवणाच्या टेबलावर दिवा म्हणून टांगला. एवढ्यावर थांबलो असतो तर हौस म्हणून खपलं असतं. पण मी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आणि हा डबा जर्मनीहून आला आहे असं जगाला सांगितलं. जग म्हणजे लातूर, नांदेड आणि मुखेड तालुक्यातले झाडून सगळे व्हॉट्सॲप गट.

इथे एक खुलासा करतो. आमच्या भागात ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. का म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण जर्मनचं पातेलं, जर्मनचं ताट, जर्मनची किटली हे शब्द मी आईच्या दुधाबरोबर शिकलो. तेव्हा डबा जर्मन होता यात काही खोटं नव्हतं. माझं खोटं त्या एका खऱ्या शब्दाच्या आडोशाला उभं होतं, आणि म्हणूनच ते मला बरेच दिवस खोटं वाटलं नाही.

लातूरला स्वतःचं घर झालं तेव्हा दिवाणखान्याची एक अख्खी भिंत रिकामी होती. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिचं म्हणणं, एक सोफा घ्यावा, एक कपाट घ्यावं आणि विषय संपवावा. पण मी सरकारी कचेरीतला अव्वल कारकून, आणि जेवणाच्या सुट्टीत मला मोबाइलवर घरसजावटीचे व्हिडिओ बघायची सवय लागली होती. त्यातली माणसं भंगारातून काहीतरी उचलून आणत, पांढऱ्या भिंतीसमोर ठेवत, आणि ते भंगार एकाएकी खानदानी दिसायला लागे. थोड्या पैशांत खानदान मिळतंय म्हटल्यावर मी सोफ्याचा विषय पुढे ढकलला.

नांदेडला जुन्या गावातल्या एका गल्लीत एका चाचांचं जुन्या भांड्यांच्या मोडीचं दुकान आहे. त्यांच्या आजोबांपासून ते चालत आलंय. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चाचांनी मला पितळेची घागर तराजूत टाकून दिली. दुसऱ्या खेपेला तसलीच घागर ‘पुरानी चीज’ झाली आणि तिसऱ्या खेपेला ‘अँटिक’. मला पोचे आवडतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आधी ते वस्तू माझ्या हातात देण्यापूर्वी फडक्याने पुसत. पुढे त्यांनी पुसणं सोडून दिलं. मी धूळ फुंकून कौतुक करायचो आणि चाचा दुसरीकडे बघायचे. ते भले गृहस्थ होते. हसायचं असलं की मान फिरवत.

वर्षभरात आमचं घर सजलं. बसायला सुतळीची बाज आली. तिची वीण इतकी सैल होती की बसणारा मधोमध घसरायचा, आणि दोघे बसले तर एकमेकांच्या मांडीवर जायचे. आमचे साहेब एकदा चहाला आले, त्यांना त्या बाजेवरून उठवायला आम्ही नवराबायको दोघे लागलो. कोपऱ्यात जातं होतं आणि जात्याच्या तोंडात मनीप्लांट. पाटा-वरवंटा टीव्हीखाली मांडला होता, आणि आतल्या खोलीत मिक्सर मोठ्याने त्याची टिंगल करत असे. जेवणाचं टेबल म्हणजे देगलूरहून आणलेला एक सागवानी दरवाजा, चार पायांवर आडवा केलेला. त्याची लोखंडी कडी मी मुद्दाम ठेवली होती. त्या कडीमुळे वरणाची वाटी कधी सरळ बसली नाही. बायको म्हणायची, “जेवायला बसलं की वाटतं, आता खालून कुणीतरी दार वाजवील.”

घागरींवरून मात्र आमचं खरंच वाजलं. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी लातुरात माणूस घराबाहेर पडत नाही. पिंप, बादल्या, कुकर, मिळेल ते भरून ठेवतो. अशा एका सकाळी बायकोने जिन्यावर रांगेत मांडलेल्या सहा घागरी उचलल्या आणि नळाखाली नेल्या. मी धावत जाऊन अडवल्या, कारण त्यांना आतून-बाहेरून चकाकीचा लेप दिला होता आणि पाण्याने तो उडाला असता. ती नळापाशी उभी राहून शांतपणे म्हणाली, “अहो, ज्या घागरीला पाणी चालत नाही तिला घागर म्हणायचं की तुमच्यासारखी नुसती दिसायला ठेवलेली वस्तू?” शेजारचे दोघे पिंपं भरत होते. त्यांनी ऐकलं.

आता कळतं ते असं की माझ्या आईने जन्मभर जे सुटायची वाट पाहिली, ते सगळं मी शोधून शोधून दिवाणखान्यात मांडलं होतं. जातं, पाटा, घागर. फक्त ती वाकून काम करायची आणि मी वाकून फोटो काढायचो.

अक्काची ओळख आता करून द्यायला हवी. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. मुखेडच्या पुढे, देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गावात तिचं सासर आहे. कोरडवाहू रान आहे, सोयाबीन असतं, थोडी तूर असते, आणि दाजी आहेत, जे देगलूरच्या बाजारात उचललेली तेलुगू सगळ्यांवर चालवतात. आई गेली, मागोमाग वडील गेले, गावातलं घर चुलत्यांच्या वाट्याला गेलं, तेव्हापासून अक्काचं माहेर म्हणजे लातूरचं माझं घर. दरवर्षी नागपंचमीला ती चार दिवस येते. दुसरं कुठलंही माहेर तिला उरलेलं नाही. हे मी तेव्हाही जाणत होतो, म्हणून माझी चूक अजाणतेपणाची नव्हे.

घर सजल्यानंतरच्या पहिल्या पंचमीला ती आली, बाजेवर बसली, आणि मधोमध रुतली. मला वाटलं, आता वीण बघून हळवी होईल. ती म्हणाली, “अरं, ही तर पार ढिली पडलीया. धर हिकडून.” अर्ध्या तासात तिने पायथ्याची दोरी ओढून बाज ताठ करून दिली. ती परत गेल्यावर मी दोरी पुन्हा सैल केली, कारण ताठ बाज फोटोत नवी दिसते. असा मी माणूस होतो.

त्याच खेपेला जायच्या दिवशी तिने पिशवीतून फडक्यात बांधलेला डबा काढला. “तुला जुनं लई लागतंय म्हनं,” ती म्हणाली. “हे घे. ह्याच्याहून जुनं माझ्यापाशी काय न्हाई. आईच्या संदुकीत व्हता, म्या जपून ठिवला.”

कडीचा, गोल, जर्मनचा डबा. मी तो ओळखला. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी नांदेडला एका खोलीत राहून शिकलो, आणि त्या दोन वर्षांत या डब्यातून जेवलो. आमच्याकडे शिकायला गेलेल्या पोरांचा डबा एसटीने जातो. अक्का अंधार असतानाच उठायची, भाकऱ्या थापायची, डबा फडक्यात बांधून फाट्यावर घेऊन यायची आणि पहिल्या गाडीच्या वाहकाच्या हातात द्यायची. नांदेडच्या स्टँडवर आम्ही पंधरा-वीस पोरं गाडीची वाट बघत उभी असायचो. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत जायचा. तिने स्वतः सातवीनंतर शाळा सोडली होती, कारण आई रानात आणि घर बघायला कुणीतरी हवं. तिला स्थळं येत होती. वडिलांनी ती दोन वर्षं थांबवली. पोराची बारावी होऊ द्या, म्हणाले, नाहीतर डबा कोण करील. हे माझ्यासमोर बोललं गेलं होतं आणि मला ते अगदी बरोबर वाटलं होतं. मी भाकरी खात होतो.

सुरुवातीला एकदा डबा दुसऱ्याच पोराने नेला, म्हणून अक्काने खिळा आणि दगड घेऊन डब्यावर अक्षरं ठोकली. एका ओळीत माझं नाव, खाली डबा जायचा त्या गावाचं नाव. सगळी अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांची. इतके ठिपके मारता मारता नेमका अनुस्वाराचा ठिपका राहून गेला, आणि डब्यावर नांदेडऐवजी उमटलं ‘नादेड’. स्टँडवरच्या पोरांना तेवढं पुरे होतं. दोन वर्षं मला सगळे ‘नादेडकर’ म्हणायचे. बाकीच्यांचे डबे स्टीलचे. माझा जर्मनचा आणि वर अशुद्धलेखनाचा. मी डबा घेताना अक्षरांची बाजू पोटाशी धरायचो.

एका सुट्टीत मी तिला जरा फणकाऱ्यानेच सांगितलं होतं की नांदेडवर अनुस्वार असतो. ‘द’च्या खाली तिचा एक खिळा आरपार गेला होता, बारीक भोक पडलं होतं, त्यातून वरण गळू नये म्हणून ती रोज कणकेचा ठिपका लावायची. ते भोक दाखवून ती म्हणाली, “ह्यो बघ तुझा ठिपका. वर न्हाई बसला, खाली पडलाय.” आणि हसली. मी हसलो नाही. मी बारावीत होतो आणि मला शुद्धलेखन येत होतं.

तर असा डबा तिने मला परत दिला, आणि मी तो घेऊन नांदेडला चाचांकडे गेलो. मला दिवा करायचा होता. बुडाला वायरीसाठी भोक पाडायचं, डबा उलटा टांगायचा, आत बल्ब. चाचांनी तो हातात घेतला, फिरवला. “जर्मल है साब,” ते म्हणाले, “पीतल नै.” मी म्हटलं, माहीत आहे. मग म्हटलं, ही अक्षरं तेवढी काढून टाका, ठोकून सपाट करा आणि घासून द्या. चाचांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. “किसीने हाथ से करा है ये. रैने देव ना साब. अच्छा दिखता.” पोच्यांसाठी मला जास्त पैसे लावणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच मला काम न करण्याचा सल्ला दिला होता. मी म्हणालो, नको, ते अशुद्ध आहे.

चाचांनी डबा ठेवून घेतला. आठवड्याने डबा मिळाला तेव्हा तो आरशासारखा होता. फक्त एक भोक राहिलं होतं, ‘द’च्या खालचं. ते बुजवायचं तर झाळून डाग द्यावा लागला असता, म्हणून तसंच सोडलं होतं. घरी दिवा लावला की त्या भोकातून उजेडाचा एक ठिपका समोरच्या भिंतीवर पडायचा. मला तो आवडला. अक्षरं सगळी गेली आणि कधी नव्हताच तो अनुस्वार भिंतीवर आला, हे तेव्हा मला सुचलं नाही. आता सुचतंय, आणि सुचल्याचा काही उपयोग नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लातूरचीच एक मुलगी आमच्याकडे आली. ती लोकांच्या घरांचे व्हिडिओ करते आणि ते पुष्कळ लोक बघतात. कचेरीतल्या कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं. मी दोन दिवस रजा घेतली, बाजेची दोरी आणखी सैल केली आणि जात्यावर थोडं पीठ भुरभुरवलं. बायकोने ते पीठ बघितलं आणि व्हिडिओत दिसणार नाही असं सांगून शाळेत निघून गेली.

मुलगी चांगली होती. “काका” म्हणायची आणि प्रत्येक वस्तूसमोर श्वास घ्यायची. टेबलापाशी आल्यावर तिने वर बघून विचारलं, हा दिवा कसला? मी म्हणालो, “जर्मन आहे.” देवाशपथ, एवढंच म्हणालो. तिचे डोळे मोठे झाले. “म्हणजे जर्मनीचा?”

ती पुण्यात शिकून आलेली. तिला तो शब्द ठाऊक नसावा. तेव्हा ‘नाही, आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात’ एवढं म्हटलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. कॅमेरा चालू होता. मी म्हणालो, “आजोबांच्या वेळचा.” ती म्हणाली, “आजोबा जर्मनीला होते?” मी म्हणालो, “निजामाच्या नोकरीत होते.” माझे आजोबा निजामाच्या काळात नुसते होते, नोकरीत नव्हते. ते मुखेडच्या बाजारात बैल विकायला जायचे आणि बैल न विकता परत यायचे. पण एकदा त्यांना निजामाच्या नोकरीत घातल्यावर जर्मनी फार लांब राहिली नाही. मी त्यांना तिकडे पाठवलं, तिथून डबा आणवला, आणि आमच्या घराण्यात तो कसा जपला गेला हेही सांगितलं. भिंतीवरच्या उजेडाच्या ठिपक्याकडे बोट करून मुलीने विचारलं, हे भोक कारागिराने मुद्दाम ठेवलंय का? मी म्हणालो, “त्या लोकांचं कामच तसं.”

व्हिडिओ आला आणि चार दिवसांत सगळीकडे फिरला. कचेरीत लोक मला “जर्मनीचे साहेब” म्हणायला लागले. ते कौतुक नव्हतं हे मला पुढे कळलं. व्हिडिओ मुखेडला गेला, गावात गेला, दाजींच्या मोबाइलवर गेला. मी घाबरलो आणि मीच अक्काला फोन केला. म्हटलं, अक्का, ते जर्मनीचं जरा चुकून तोंडातून गेलं.

तिकडून ती मोकळं हसली. “अरं, आजोबा कव्हा गेल्ते जर्मनीला? त्येंला तर एसटीत बसलं की मळमळायचं. तू इमानात बसवलास की काय?” मग दाजींनी फोन घेऊन तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि तेही हसले. मीही हसलो. फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, सुटलो. हसण्यावारी गेलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो, त्याच दिव्याखाली.

पंचमी आली. अक्का आली नाही. फवारणी चालू आहे म्हणाली. मी म्हटलं, फवारणी झाल्यावर ये. “बघू,” म्हणाली. इतक्या वर्षांत तिने ‘बघू’ म्हटलं नव्हतं. फवारणी झाली असेल, पोळा गेला, ती आली नाही. फोन केला की खुशाली विचारायची, पोरांचं विचारायची, आणि ठेवून द्यायची. मी पुन्हा एकदा जर्मनीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. पुन्हा हसली. पुन्हा आली नाही.

शेवटी थंडीतल्या एका संध्याकाळी मी बायकोला म्हणालो की अक्का अजून जर्मनीवरून रागावलेली दिसते. बायको वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं.

“तुम्ही अजून जर्मनीतच का?” ती म्हणाली. “अक्कांनी व्हिडिओ बघितला त्या दिवशी मला फोन केला होता. जर्मनीचं एक अक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, की माझी अक्षरं दिसंनात, कुठं गेली? मी सांगितलं, उजेडामुळं दिसत नसतील.”

“मग?”

“मग काय. बरं म्हणाल्या. उजेडात अक्षर दिसत नाही असं मी चौथीच्या पोरांना तरी सांगेन का? त्यांना काय कळलं नसेल? मलाही खोटं बोलायला लावलंत तुम्ही.” पेन पुन्हा उचलत तिने आणखी सांगितलं, की पंचमीचं विचारल्यावर अक्का म्हणाल्या होत्या, त्या घरात माझं काय हाय आता, दाखवायच्या वस्तूच हायत.

मी दिव्याखाली बसून राहिलो. आजोबांना जर्मनीला पाठवल्याबद्दल मी दोनदा माफी मागितली होती. पण ते खोटं तर गमतीचं होतं. त्यात कुणाचं काही गेलं नव्हतं. जिचं गेलं होतं तिला मी काही बोललोच नव्हतो. तिने दिलेल्या एकुलत्या एका वस्तूवरून मी तिलाच काढून टाकलं होतं, आणि त्या जागी बैल विकायला जाणारे आजोबा बसवले होते. हे मी व्हिडिओसाठीही केलेलं नव्हतं. अक्षरं त्याच्या आधीच घासली होती. व्हिडिओ नसता तरी ती गेलीच असती, कारण माझ्या मनात नांदेडच्या स्टँडवरची पोरं अजून ‘नादेडकर’ म्हणत उभी होती. पन्नाशी ओलांडलेला माणूस सोळा वर्षांच्या पोरांना घाबरून बहिणीचा हात पुसून टाकतो, हे कुठल्याही व्हिडिओत सांगता येण्यासारखं नाही.

दुसऱ्या रविवारी दिवा उतरवला, वायर काढली आणि डबा घेऊन चाचांकडे गेलो. विचारलं, ती अक्षरं परत उठवता येतील का, अगदी पहिल्यासारखी. चाचांनी डबा ओळखला. ते या वेळी हसले नाहीत आणि मानही फिरवली नाही. “साब, मिटाना अपना काम है,” ते म्हणाले. “लिखनेवाले का हाथ मैं कां से लाऊं?” पैसे मात्र घेतले नाहीत, कारण काही काम केलंच नव्हतं. चहा पाजला.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, अक्काकडे जातो, डब्यात भाकरी घालून नेतो. तिला ते पटलं. पण ती जागची हलली नाही. मी वाट बघतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा म्हणाली, “चूक तुमची आणि भाकरी मी थापू?”

म्हणून पहाटे उठून मी भाकऱ्या थापल्या. ज्वारीच्या पिठाला आधण किती घालायचं हे मला माहीत नव्हतं; ते विचारायला जिला फोन करावा, तिलाच त्या द्यायच्या होत्या. पहिली तव्यावर जाताना दुमडली. दुसरी कडेने फाटली. तिसरीला आकार आला, पण तो भाकरीचा नव्हता. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने फक्त गॅस कमी केला आणि गेली. सातवीनंतर शाळा सोडलेल्या मुलीने दोन वर्षं रोज, चुलीवर, पहिल्या गाडीच्या आत हे कसं केलं असेल, हा विचार मी त्या वेळी करू शकलो नाही. बोटं भाजली होती. चार भाकऱ्या, थोडं पिठलं. बुडाच्या वायरीच्या भोकाला कणकेचा गोळा लावला, आणि ‘द’ जिथे होता तिथल्या भोकाला कणकेचा ठिपका.

गाडी होती तरी एसटीने गेलो. लातूरहून मुखेड, मुखेडहून दुसरी. डबा मांडीवर होता. वाहकाने विचारलं, काका, डबा कुणाला द्यायचाय? मी म्हटलं, मीच नेतोय. रस्ताभर मी मनात एक भाषण तयार केलं. त्यात ‘दिलगिरी’ होतं, ‘अनवधानाने’ होतं. कचेरीत मी पस्तीस वर्षं असली वाक्यं लिहिली आहेत. मुखेड येईपर्यंत ते अर्जासारखं झालं होतं, खाली सही करायचीच बाकी होती.

अक्का अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. दाजी बाजेवर होते. त्यांची बाज ताठ होती. “रा रा, कूर्चो,” त्यांनी तेलुगूत बसायला सांगितलं आणि चहाचं बघतो म्हणून आत गेले. जाताना त्यांनी डबा पाहिला होता.

मी डबा अक्कासमोर ठेवला. तिने फडक्याची गाठ सोडली, झाकण काढलं, वरची भाकरी उचलून उजेडात धरली. बराच वेळ बघितली.

“ही जर्मनीहून आणली का?” ती म्हणाली.

मी म्हटलं, मी थापली. तिने एक तुकडा मोडला. तो सहज मोडला नाही, तिला दोन्ही हात लावावे लागले. पिठल्यात बुडवून खाल्ला. मग डबा कडीला धरून फिरवला आणि जिथे अक्षरं होती तिथे बोटं फिरवली. गुळगुळीत होतं. बोट कणकेच्या ठिपक्यापाशी थांबलं. तिने तो काढला नाही. “कशाला आलास ते बोल की आता,” ती म्हणाली. तिचं डब्याकडेच लक्ष होतं.

भाषण मला आठवेना. दिलगिरी आठवेना. कचेरीतली आणि पुस्तकातली माझी सगळी भाषा त्या अंगणाच्या बाहेर राहिली, आणि जी घरात शिकलो होतो तीच तोंडात आली.

“अक्का,” मी म्हणालो, “तुझी अक्षरं म्या घासली. चुकून न्हाई, मुद्दाम घासली. घासणारे चाचा राहू द्या म्हणत व्हते, तरी घासली. मला त्या अक्षरांची लाज वाटत व्हती, तव्हाबी आन् आताबी. तुझं लगीन दोन वर्सं थांबवून म्या तुझ्या हातचं खाल्लं, आन् डबा कुणाचा म्हणून इचारलं तर तुझं नाव घेतलं न्हाई. माझं चुकलं, अक्का. मला माफ कर.”